ठाणे-नवी मुंबईत गळाने मासे धरणाऱ्यांचे मंडळ कसे उभारावे

गळ टाकून मासे धरण्याची हौस असलेली माणसे ठाणे आणि नवी मुंबईत कमी नाहीत. सुट्टीच्या दिवशी पहाटे ती उल्हास नदीच्या काठावर, खाडीच्या जेट्टीवर किंवा एखाद्या तलावाच्या कट्ट्यावर दिसतात, एकमेकांना आमिष देतात आणि ऊन चढले की आपापल्या वाटेने जातात. अशा सात-आठ जणांनी मनावर घेतले, तर मासे धरण्याबरोबर मासे टिकवण्याचे आणि मुलांना या छंदाचे शिस्तशीर शिक्षण देण्याचे काम करणारे मंडळ सहज उभे राहू शकते. पुढच्या सगळ्या सूचना ज्या एका मतावर उभ्या आहेत, ते मत आधीच मांडतो. मंडळाने जिल्हाभर फिरत राहण्यापेक्षा एकच पाणी निवडावे आणि निदान काही वर्षे त्याच पाण्याची सोबत करावी. जे पाणी आपण बारा महिने पाहतो, त्यातच काय बिघडले आणि काय सुधारले हे आपल्याला कळते.

पाण्याची निवड

ठाण्यात मासुंदा, उपवन, कचराळी, रायलादेवी असे अनेक तलाव आहेत, परंतु तलाव सार्वजनिक आहे म्हणून त्यातील मासळीही सर्वांची असते, असे समजू नये. तलाव बहुधा महापालिकेच्या ताब्यात असतो आणि त्यातील मासेमारीचा हक्क पुष्कळदा एखाद्या मच्छीमार सहकारी संस्थेकडे किंवा ठेकेदाराकडे असतो. त्यामुळे पहिला अर्ज महापालिकेच्या संबंधित विभागाकडे करावा आणि ठेका कोणाकडे आहे, गळाने मासे धरण्यास मुभा आहे का, असल्यास कोणत्या बाजूने व कोणत्या वेळी, हे लेखी विचारावे. नवी मुंबईत गावठाणांतील जुने तलाव आहेत, आणि सिडकोने भरतीच्या वेळी पावसाचे पाणी साठवण्यासाठी बांधलेले धारण तलावही आहेत. यांपैकी ज्या तलावांत खाडीचे पाणी ये-जा करते, तेथे बोय, कोळंबी आणि कधी जिताड्याची पिल्लेही येतात. लहान मुलांना सोबत घेऊन काम करायचे असेल, तर मोठ्या नदीपेक्षा पायऱ्या आणि कट्टा असलेला तलाव अधिक योग्य ठरतो.

काही ठिकाणे मात्र यादीतून सुरुवातीलाच वगळावीत. येऊरच्या डोंगरातील ओढे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतात आणि तानसा तलावाभोवती अभयारण्य आहे. ठाणे खाडीच्या पश्चिम काठावर ऐरोली पूल ते वाशी पूल यांच्या दरम्यानचे सुमारे १,६९० हेक्टर क्षेत्र २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाले आणि २०२२ साली ठाणे खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. अभयारण्याची हद्द पाण्यातूनही जाते, हे हौशी माणसांच्या लक्षात येत नाही. म्हणून वन विभागाच्या कांदळवन कक्षाकडून नकाशा पाहून घ्यावा आणि त्याची प्रत प्रत्येक सदस्याला द्यावी. मोरबे, बारवी यांसारख्या पाणीपुरवठ्याच्या धरणांवर लेखी परवानगीशिवाय जाऊ नये. काठावर उतरण्यासाठी कांदळवनाची एक फांदीसुद्धा तोडू नये. राज्यभरातील कांदळवनांना मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने संरक्षण दिले आहे, आणि ज्या बोयींची व जिताड्याची आपण वाट पाहतो त्यांची पिल्ले याच मुळांच्या आडोशाला वाढतात.

कोळीवाड्याची संमती

परवानगीचा कागद हाती आला तरी काम अर्धेच झालेले असते. चेंदणी, कोलशेत, विटावा, दिवाळे, सारसोळे, वाशीगाव, बेलापूर अशा कोळीवाड्यांतील आणि गावांतील माणसे पिढ्यानपिढ्या याच पाण्यावर जगली आहेत. आपण ज्याला छंद म्हणतो ती त्यांची उपजीविका आहे, हे भान मंडळाच्या प्रत्येक निर्णयात असले पाहिजे. निवडलेल्या पाण्यावर ज्यांचा हक्क चालतो, त्या गावातील जाणत्या मंडळींकडे दोघा-तिघांनी जाऊन आपला हेतू सांगावा, जाळी कुठे लागतात, होड्या कोणत्या वाटेने येतात, कोणत्या दिवसांत त्यांना तेथे कोणी नको असते, हे विचारून घ्यावे आणि ते पाळावे. खुंटे रोवून लावलेल्या जाळ्याच्या आसपास गळ टाकू नये, आणि धरलेली मासळी सदस्यांनी विकू नये. विक्री सुरू झाली की कोळणींच्या पाटीशी स्पर्धा सुरू होते आणि मग संवर्धनाच्या कोणत्याही गोष्टीवर गाव विश्वास ठेवत नाही. शक्य असल्यास गावातील एखाद्या अनुभवी काकांना किंवा मावशींना सल्लागार म्हणून घ्यावे. कोणत्या महिन्यात कोणती मासळी अंड्यावर येते, याचे त्यांच्याकडील ज्ञान आपल्याला अन्यत्र मिळणार नाही.

नोंदणी

पहिले वर्ष मंडळ अनौपचारिक चालवले तरी बिघडत नाही, पण वर्गणी गोळा होऊ लागली की नोंदणी करावी. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्यानुसार किमान सात सभासद लागतात आणि महाराष्ट्रात अशी संस्था १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंदवली जाते. दोन्हींसाठी धर्मादाय आयुक्त कार्यालयात अर्ज करावा लागतो. उद्देशपत्रिकेत मत्स्यसंवर्धन, जलाशयांची निगा आणि मुलांचे प्रशिक्षण हे तीन उद्देश स्पष्ट लिहावेत. बँकेतील खाते दोघांच्या सहीने चालावे आणि हिशेब दरवर्षी सर्वांसमोर वाचला जावा.

धरणे आणि सोडणे

मंडळाचे खरे स्वरूप त्याच्या आचारसंहितेवरून ठरते, म्हणून या भागावर सर्वाधिक वेळ खर्च करावा. साधनांपासून सुरुवात करावी. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीने चेपून टाकला, तर गळ माशाच्या तोंडातून क्षणात निघतो आणि फाटण्याची जखम होत नाही. दोरी सतत ताणलेली ठेवली, तर काटा नसल्यामुळे मासा निसटेल ही भीतीही उरत नाही. तीन तोंडांच्या गळाऐवजी एकच गळ वापरावा. ज्या पाण्यात मासे आमिष गिळून बसतात, तेथे टोक आत वळलेला गोल गळ वापरावा, कारण तो बहुधा जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो. गळ पोटापर्यंत गेलाच असेल, तर ओढाताण न करता तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, तोंडाजवळ कापावा. माशाच्या आकारमानाला शोभेल इतका जाड तंगूस घ्यावा. फार बारीक दोरीवर मासा अर्धा तास झुंजवणे हे कौशल्य मानले जाते, परंतु तो मासा पाण्यात सोडल्यावरही थकव्याने मरू शकतो.

मासा हातात घेण्याआधी हात ओले करावेत. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर त्याचे जंतूंपासून रक्षण करतो आणि कोरड्या हाताने, फडक्याने किंवा तापलेल्या दगडावर ठेवल्याने तो निघून जातो. मासा कल्ल्यांत बोटे घालून उचलू नये, एक हात पोटाखाली आणि एक शेपटीच्या बुंध्याशी ठेवून आडवा धरावा. छायाचित्र घ्यायचे असेल, तर कॅमेरा आधी तयार ठेवावा आणि आपण श्वास रोखून धरू शकू त्यापेक्षा अधिक वेळ मासा पाण्याबाहेर ठेवू नये. सोडताना त्याला प्रवाहाकडे तोंड करून हलकेच आधार द्यावा आणि तो स्वतःच्या बळावर निघेपर्यंत थांबावे.

उन्हाळ्यात आणखी एक पथ्य पाळावे लागते. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर ३० अंशांना तो साडेसातपर्यंत उतरतो. सांडपाणी मिसळलेल्या, शेवाळाने हिरव्या झालेल्या तलावात पहाटे तो याहून पुष्कळच कमी असतो, कारण रात्रभर शेवाळही प्राणवायू वापरत असते. मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडत असतील, तर त्या दिवशी गळ पेटीतच ठेवावा.

कोणता मासा ठेवावा आणि कोणता सोडावा, याचा नियम जातीनुसार करावा लागतो. महाराष्ट्र शासनाने २०२३ साली समुद्री मासळीच्या ५४ जातींसाठी किमान आकार ठरवून दिला आहे. ती यादी मत्स्यव्यवसाय विभागाकडून घ्यावी आणि खाडीत मिळणाऱ्या जाती तिच्याशी ताडून पाहाव्यात. मात्र केवळ लहान मासे सोडणे पुरेसे नसते. जिताडा आयुष्याच्या सुरुवातीला नर असतो आणि काही वर्षांनी, बराच मोठा झाल्यावर, मादी होतो. म्हणजे जो मोठा जिताडा मिरवावासा वाटतो, तो बहुधा अंडी देणारी मादी असतो. माझ्या मते जिताड्यासाठी किमान आकारासोबत कमाल आकारही ठरवावा आणि त्याहून मोठा मासा न चुकता सोडावा. मरळीची गोष्ट वेगळी आहे. पावसाळ्यात पाण्याच्या पृष्ठभागावर लालसर पिल्लांचा दाट पुंजका फिरताना दिसला, की खाली त्यांचे आईबाप राखण करीत असतात. ते भुकेने नव्हे, तर पिल्लांच्या रक्षणासाठी गळावर झडप घालतात, आणि त्यांना उचलले की तो सगळा पुंजका काही वेळातच इतर माशांच्या तोंडी जातो. असा पुंजका दिसला की तेथून गळ काढावा, हा नियम मंडळाच्या पहिल्या पानावर असावा.

वलगणीचे दिवस

पहिल्या दमदार पावसानंतर नदी-ओढ्यांतले मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध चढून भातखाचरांत आणि ओहोळांत येतात. आपल्याकडे यांना वलगणीचे किंवा चढणीचे मासे म्हणतात, आणि त्या रात्री बत्त्या घेऊन मासे पकडायला जाण्याची हौस शहाड-टिटवाळ्यापासून पनवेलपर्यंत सर्वत्र आहे. या हौशीशी आपल्या बालपणाच्या आठवणी जोडलेल्या असल्या, तरी गाभोळीने भरलेली मादी त्या वेळी धरणे म्हणजे पुढच्या हंगामाची मासळी आजच संपवणे होय. राज्यात साधारणपणे १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना समुद्रात मासेमारीची बंदी असते आणि कोळी बांधव नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा करून नव्या हंगामाला लागतात. मंडळाने हीच चाल स्वतःला लावून घ्यावी, म्हणजे पहिल्या पावसापासून नारळी पौर्णिमेपर्यंत कोणत्याही नदी-ओढ्यावर गळ टाकू नये. या दिवसांत सदस्यांना काठावर जायचे असेल, तर ओहोळाच्या तोंडाशी संपूर्ण वाट अडवणारे जाळे किंवा बांध कोणी घातला आहे का, हे पाहावे आणि घालणाऱ्याशी भांडण न करता, निदान अर्धी वाट मोकळी ठेवण्याची विनंती करावी. विष, सुरुंग किंवा विजेचा झटका वापरून मासे मारण्याचा प्रकार दिसल्यास मात्र विनंतीवर थांबू नये. विष आणि स्फोटके यांवर १८९७ च्या मत्स्य कायद्यापासून बंदी आहे. अशा वेळी ठिकाण आणि वेळ नोंदवून पोलीस व मत्स्यव्यवसाय विभाग यांना लगेच कळवावे.

मासे सोडण्याचा उत्साह

नवे मंडळ बहुधा तलावात मत्स्यबीज सोडण्याच्या कार्यक्रमाने श्रीगणेशा करू पाहते, कारण त्याचे छायाचित्र चांगले येते. हा मोह टाळावा, असे मी आग्रहाने सांगेन. रोहू, कटला, मृगळ हे मासे पावसाळ्यात वाहत्या पाण्यात अंडी घालतात. साचलेल्या तलावात त्यांची वीण होत नाही. त्यामुळे असे बीज सोडणे हे मत्स्यपालन असते आणि ते ठेका असलेल्या संस्थेचे काम आहे. परके मासे सोडण्याने तर सरळ हानी होते. १९५२ साली भारतात आणलेला तिलापिया, म्हणजे आपली चिलापी, आज जवळपास प्रत्येक तलावात आहे. आफ्रिकन मांगूर स्थानिक मासे फस्त करतो म्हणून त्याच्या पालनावर २००० सालापासून बंदी आहे. घरातील काचेच्या टाकीत मावेनासा झालेला सकर मासा लोक तलावात सोडून देतात आणि तो काठांत बिळे करून राहतो. मंडळाने टाकीतील नकोसे मासे परत घेणाऱ्या दुकानदारांची नावे फलकावर लावावीत, चिलापी, आफ्रिकन मांगूर आणि सकर हे मासे गळाला लागल्यास परत पाण्यात सोडू नयेत, आणि मंडळाचा सगळा उत्साह पाणी स्वच्छ राखण्याकडे वळवावा. माशांना पाव आणि पिठाचे गोळे घालणाऱ्यांना, तळाशी कुजणारे अन्नही प्राणवायू खाते, हे नम्रपणे समजावावे.

तुटलेल्या तंगुसासाठी जेट्टीवर किंवा कट्ट्यावर एक सोय करता येते. सुमारे चार इंची पीव्हीसी नळीचा हातभर तुकडा उभा बांधावा, खालचे तोंड झाकणाने बंद करावे, वरच्या तोंडाला वाकडा जोड लावावा आणि महिन्यातून एकदा ती रिकामी करावी. नायलॉनचा तंगूस वर्षानुवर्षे कुजत नाही आणि त्यात पाय अडकलेला बगळा किंवा पाणकावळा सहसा वाचत नाही.

मुलांचे वर्ग

मुलांसाठी दहा वर्षांच्या पुढचे वय ठीक वाटते. पालकांची लेखी संमती, मुलाला पोहता येते का याची नोंद आणि आजारांची माहिती घेतल्याशिवाय कोणालाही पाण्यावर नेऊ नये. काठावर तीन मुलांमागे एक मोठे माणूस असावे आणि कोणताही प्रशिक्षक एखाद्या मुलाबरोबर एकांतात राहणार नाही, अशी व्यवस्था असावी. २०१२ च्या पॉक्सो कायद्याची माहिती सर्व प्रशिक्षकांना दिलेली असावी. जेट्टीवर आणि होडीत जीवरक्षक जाकीट सक्तीचे असावे. खाडीच्या चिखलात मुलांना उतरू देऊ नये, कारण वरून घट्ट दिसणाऱ्या चिखलात मांडीपर्यंत पाय रुततो आणि भरती आपल्या पाठीमागून भरत येते.

पहिला धडा मैदानात द्यावा. गळाऐवजी रबराचा तुकडा किंवा लहान वजन बांधून, जमिनीवर ठेवलेल्या टायरमध्ये ते नेमके टाकायला शिकवावे आणि काठी मागे नेण्यापूर्वी पाठीमागे कोण आहे हे पाहण्याची सवय येथेच लावावी. दुसऱ्या वर्गात गाठी शिकवाव्यात. तिसऱ्या वर्गात मुलांना काठावर न्यावे, पण गळ न देता तासभर नुसते पाणी पाहायला लावावे. बुडबुडे कुठे येतात, खंड्या कोणत्या फांदीवरून सूर मारतो, चिखलावर निवटी कुठे उड्या मारते, हे त्यांनी लिहून काढावे. खाडीवर शिकणाऱ्या मुलांना भरतीचे गणितही आवडते. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणले की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ निघते, म्हणजे अष्टमीला सहाच्या आणि एकादशीला सव्वाआठच्या सुमारास. हे उत्तर मुलांनी छापील कोष्टकाशी ताडून पाहावे. खाडीच्या वरच्या अंगाला पाणी बंदरापेक्षा काहीसे उशिरा चढते, हेही त्यांना स्वतःच सापडते.

प्रत्यक्ष गळ हातात आल्यावर मुलांना चिलापी धरू द्यावी. ती लवकर लागते, भरपूर असते आणि मुलांचा धीर टिकतो. शिंगाळ्याला मात्र मुलांनी हात लावू नये. त्याच्या पाठीवरच्या आणि कल्ल्यांमागच्या काट्यांचा दंश फार वेदनादायक असतो. काटा लागलाच, तर भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून डॉक्टरांकडे न्यावे. गळ मांसात रुतल्यास तो काठावर उपटू नये. दवाखान्यात जावे आणि धनुर्वाताच्या लसीची चौकशी करावी. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यालगतच्या खाडीत किंवा सांडपाणी येणाऱ्या तलावात धरलेले मासे मुलांना खाण्यासाठी घरी देऊ नयेत. वर्षातून एकदा मुलांना ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात न्यावे, म्हणजे काठावरून न दिसणारी खाडीही त्यांना पाहता येईल.

नोंदवही

प्रत्येक फेरीची नोंद एकाच वहीत व्हावी: तारीख, तिथी, वेळ, पाण्याचे तापमान, कोणता मासा, नाकाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत लांबी, ठेवला की सोडला. काही लागले नाही, तर तेही लिहावे, कारण रिकाम्या फेऱ्या वगळलेल्या वहीतून मासळी घटल्याचे कधीच कळत नाही. पाण्याचा गढूळपणा मोजण्यासाठी वीस सेंटिमीटर व्यासाची थाळी पांढऱ्या-काळ्या चार भागांत रंगवून दोरीने सोडावी आणि ती दिसेनाशी होते त्या खोलीची नोंद घ्यावी. हे काम मुले उत्तम करतात. प्राणवायू मोजण्याचे साधे संच मत्स्यालयाचे सामान विकणाऱ्या दुकानांत मिळतात. लिटरमागे ५ मिलिग्रॅमच्या वर असले की माशांना त्रास नसतो, ३ च्या खाली गेले की सावध व्हावे.

ही वही एखाद्या सकाळी तलावभर मेलेले मासे तरंगताना दिसतात, तेव्हा विशेष उपयोगी पडते. अशा वेळी आधी छायाचित्रे घ्यावीत, कोणत्या जाती मेल्या, लहान की मोठे, पाण्याला रंग किंवा वास आहे का, आदल्या दिवशी पाऊस पडला होता का, हे लिहावे. पाण्याचा आणि शक्य तर मेलेल्या माशाचा नमुना स्वच्छ बाटलीत व पिशवीत बंद करून बर्फात ठेवावा. पाण्याची बाटली तोंडापर्यंत भरावी, वर हवा राहू देऊ नये, आणि प्राणवायूची मोजणी जागेवरच करावी, कारण प्रयोगशाळेपर्यंत तो आकडा बदलतो. फक्त मोठे मासे पहाटे मेले असतील तर प्राणवायू संपल्याचा संशय घ्यावा. सर्व आकारांचे मासे आणि झिंगे दिवसाढवळ्या एकाच वेळी मेले असतील तर विषारी पाणी आल्याचा. तक्रार महापालिका, मत्स्यव्यवसाय विभाग आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे ठाणे किंवा नवी मुंबईचे प्रादेशिक कार्यालय या तिघांकडे त्याच दिवशी लेखी द्यावी, पोच घ्यावी आणि सोबत वहीतील मागील महिन्यांची पाने जोडावीत. नमुना घ्यायला अधिकारी येतील तेव्हा तलावाची माहिती असलेला मंडळाचा एक सदस्य काठावर हजर राहील, याची जबाबदारी आधीच वाटून ठेवावी.